दाखल क्रमांक २२१४

उदगीरच्या आमच्या वाचनालयात
हे पुस्तक कपाटात कधी उभंच राहिलं नाही.
परत येऊन टेबलाला पाठ टेकायच्या आत
कुणीतरी उचलायचंच.
कणा दोनदा खळ लावून चिकटवला,
तिसऱ्यांदा दाभण घेतलं,
तेव्हापासून मुखपृष्ठावरचा सुरा
दोऱ्याखाली जरा बोथट दिसतो.

पुस्तक परत करताना माणूस काहीतरी बोलतोच,
दंड भरतानासुद्धा.

हावगीराव हुडे, रिटायर जमादार, म्हणाले,
"पंचनामा समदा चुकलाय बगा.
रगत इतक्या लवकर वाळत न्हाई.
अन् साहेब लोक एवढा इचार करतेत व्हय?"
त्यांनी घराच्या मागच्या दाराला
त्याच आठवड्यात नवी कडी बसवली,
हे मला कडी विकणाऱ्यानं सांगितलं.

मुनीर टेलर शटर अर्धं ओढून वाचायचा.
खुनी आपल्याला पहिल्याच प्रकरणात कळला, म्हणायचा.
कोण ते विचारलं
की कात्री शोधायला लागायचा.

कॉलेजच्या पोराला खुनीच आवडला.
"काय डोकं लावलालाय सर!"
मी शिक्का मारला. मी सर नाही.

पान एक्केचाळीसवर कुणीतरी लाल पेनानं
खुन्याचं नाव फोडून ठेवलं होतं.
ब्लेडनं खरडलं तर कागद पातळ झाला,
उजेडात धरलं की नाव आणखीच ठळक.
आणि नाव चुकीचं.
तो बिचारा कंपाउंडर कादंबरीभर निर्दोष आहे,
पण आमच्या गावानं त्याच्याकडे
शेवटच्या पानापर्यंत वाकड्या नजरेनं पाहिलं.

पान एकशे बारा. चौथा खून.
पाचवीला नाव आहे, प्रियकर आहे,
गच्चीवर तुळस आहे.
चौथी नुसती चौथी.
साडेतीन ओळी: वय पंचेचाळीसच्या आसपास,
हिरवं लुगडं, पहाटेचे चार,
दार आतून उघडलेलं.
इन्स्पेक्टर सिगारेट पेटवून विचारतो,
"एवढ्या पहाटे तिनं दार का उघडलं असेल?"
पुढची सत्तर पानं त्याला उत्तर सापडत नाही.

समासात, शिसपेन्सिलीनं,
टेकत टेकत काढलेलं अक्षर:
नळ आला असेल.

त्याखाली दुसरा हात:
आमच्याकडं नवव्या दिवशी येतो. पावणेचारला.
मग निळी शाई:
तिच्या घागरी पुढं कुणी भरल्या?
मग आडवं, पानाच्या कडेला:
हिला नाव द्या कुणीतरी.
कलावती.
कलावती माझी बहीण आहे. तिला मारू नका.
बरं मग, शेवंता.
शेवंता चालेल.

वाचकांनी पुस्तकात केलेल्या खुणा
शिपायानं पुसाव्यात, असा नियम आहे.
रबर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

ते पहिलं अक्षर मी ओळखतो.
मागच्या साली मला टायफॉइड झाला
तेव्हा सरकारी दवाखान्यात गोळ्यांच्या पुडीवर
"सकाळ, रात्र, जेवून"
असंच टेकत टेकत लिहिलेलं होतं.
पंचशीला सोनकांबळे, नर्स.
पुस्तक परत करायला आल्या तेव्हा विचारलं,
कसं वाटलं?
"एकशे बारापर्यंतच वाचलं,"
त्या म्हणाल्या. "मग नाईट ड्यूटी लागली."
खुनी कोण, ते नाही विचारलं त्यांनी.
नवीन काही आलंय का, तेवढं विचारलं.

सचिव म्हणतात, फार फाटलंय,
नवी कोरी प्रत मागवू.
मागवली. ती उभी आहे कपाटात,
समास पांढरेशुभ्र.
लोक येतात, चाळतात, परत ठेवतात.
"ते जुनंच द्या की."

परवा पावणेचारला नळ आला.
पाइपातून आधी नुसती हवा, मग खोकला, मग धार.
बायको उठली, अंधारात चप्पल चाचपली.
मी म्हणालो, थांब,
कडी मी काढतो.
"आज काय झालं तुम्हाला?"
मी दोन्ही घागरी उचलल्या
आणि बाहेर गल्ली दोन्ही बाजूंनी पाहिली.
दारादारांत दिवे लागत होते.